सारजाबाईच्या रक्तातली कोकरं

मित्रांनो, कपाट लगेच बंद करू नका! तुम्हाला हवा असलेला लोहचुंबक माझ्या मागेच आहे. तो सावकाश घ्या, पण आज मला थोडं बोलू द्या. मी एक जुनी पितळी दुर्बीण आहे. दूरचे डोंगर दाखवणारी नव्हे, अगदी जवळचं आणि अगदी बारीक दाखवणारी. तुमचे मास्तर मला सूक्ष्मदर्शक यंत्र म्हणतात. दवाखान्यात सगळे मला दुर्बीणच म्हणायचे आणि मला तेच नाव आवडतं. मला डोळा एकच. पण त्या एका डोळ्यानं मी एकदा असं काही पाहिलं, की ते आठवलं तरी अजून माझ्या पितळेवर काटा येतो.

माझा जन्म जर्मनीतला. तिथल्या एका कारखान्यात एक म्हातारा कारागीर दिवसभर माझी भिंगं घाशीत बसे. बारीकसा ओरखडा दिसला की भिंग बाजूला टाकून तो नव्यानं सुरुवात करी. अशा हातातून मी उतरले, म्हणून मला थोडी मिजास आहे, हे कबूल करते. आगबोटीनं मी मुंबईला आले आणि तिथून पुण्याच्या एका डॉक्टरांकडे गेले. ते थकले तेव्हा त्यांनी मला भोरच्या एका लहानशा दवाखान्याला देऊन टाकलं. ते १९३१ साल होतं. मला न्यायला दवाखान्याचे कंपाउंडर मानसिंगराव आले होते. कात्रजच्या घाटात मोटार वळणं घेऊ लागली की ते माझी लाकडी पेटी पोटाशी घट्ट धरीत. नसरापूरला मोटार थांबली तेव्हा शेजारच्या बाईनं विचारलं, "दादा, बाजाची पेटी हाय व्हय? वाजवा की वाईच!"

"ही वाजत न्हाई बाई, ही बघती," मानसिंगराव म्हणाले.

मला ते उत्तर फार आवडलं.

दवाखान्यात उत्तरेच्या खिडकीपाशी माझं टेबल मांडलं. मला दिवाबत्ती लागत नाही. माझ्या पायाशी एक गोल आरसा आहे, त्यात खिडकीतला उजेड धरला की झालं. तिथल्या चिमट्या-कात्र्यांत मी एकटीच साता समुद्रांपलीकडून आलेली. वासरात लंगडी गाय शहाणी, तशी मी तिथली शहाणी ठरले. डॉक्टर आगाशे सगळ्यांना सांगत, "आता आपण अंदाजानं बोलायचं नाही. दुर्बिणीला विचारायचं."

आणि मी सांगत असे! हिवतापानं कुडकुडणारा माणूस आला की त्याच्या रक्ताच्या थेंबात तांबड्या पेशींच्या पोटात बसलेले हिवतापाचे चोर मी पकडून देत असे. अनवाणी शेतात राबणाऱ्यांच्या आतड्यांत रक्त पिणारे जंत असतात, त्यांची अंडी मी दाखवत असे. मुदतीच्या तापात पांढऱ्या पेशी कमी होतात, तेही माझ्याखालीच कळायचं.

पेशी मोजायचं काम मानसिंगरावांचं. त्यासाठी एक जाड काच होती, तिच्यावर अतिशय बारीक रेघांची चौकट कोरलेली. रोग्याच्या बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त घ्यायचं, ते दोनशे पट पातळ करायचं आणि त्या काचेवर सोडायचं. मग मानसिंगराव माझ्या डोळ्याला डोळा लावून ऐंशी घरांतल्या पेशी मोजत. डाव्या आणि वरच्या रेघेवर बसलेली पेशी धरायची, उजव्या आणि खालच्या रेघेवरची सोडायची, म्हणजे एकच पेशी दोनदा मोजली जात नाही. धडधाकट बाईच्या रक्तात त्या ऐंशी घरांत सुमारे साडेचारशे तांबड्या पेशी सापडतात. मानसिंगराव ओठ हलवत इतक्या झरझर मोजत की पुण्याहून आलेले डॉक्टरही वाखाणत. "हात मानसिंगरावांचा आणि डोळा दुर्बिणीचा!" असं म्हणत. मी फुगून जायचे. मित्रांनो, गर्वाचं घर खाली असतं, ते मला सारजाबाईनं दाखवलं.

१९३७ सालच्या पौषात तिला आणलं. मार्गासनीच्या वरच्या अंगाला डोंगरात एक धनगरवाडा आहे, तिथली ही सून. वय असेल वीस. तिचा नवरा गेनू आणि त्याचा भाऊ यांनी तिला घोंगडीच्या झोळीतून रस्त्यापर्यंत उतरवलं होतं आणि पुढे बैलगाडीनं, मोटारीनं भोरला आणलं होतं. तिला सातवा महिना होता. ओठ, नखं, जीभ, सगळं पांढरं पडलेलं. चार पावलं चालली तरी भात्यासारखी छाती हलायची. बरोबर तिची सासू ठकुबाई होती. उंच, काटक, कपाळावर मोठं कुंकू आणि डोळे असे, की माझ्या भिंगांनाही जरा भीती वाटावी.

मानसिंगरावांनी मोजलं. ऐंशी घरांत फक्त एकशे साठ! डॉक्टर आगाश्यांनी सगुणाबाईंना बाजूला घेतलं. सगुणाबाई दवाखान्यातल्या नर्स. खिडकीपाशीच ते बोलले, म्हणून मी ऐकलं. "बाळंतपणाला अजून दोन महिने आहेत," डॉक्टर म्हणाले. "तोवर हे रक्त भरून आलं नाही तर पोरीचं काही खरं नाही. बाळंतपणात ओंजळभर रक्त गेलं तरी ती जाईल, आणि लेकरूही." आधीची दोन गेली होती. पहिलं सातव्या महिन्यात, दुसरं जन्मून नवव्या दिवशी.

मग कारण शोधायचं! अनवाणी डोंगर तुडवणारी बाई, रक्त कमी, म्हणजे जंत, असं डॉक्टरांनी धरलं. तपासात जंतांची चार-दोन अंडी मी दाखवलीही. झालं, जंतांचं औषध सुरू झालं, मग लोहाचं. डॉक्टरांनी खाण्याचंही विचारलं होतं. सारजाबाई मान खाली घालून म्हणाली, "खातो की समदं." डॉक्टरांनी पुढे विचारलं नाही. धनगराचं घर, वाड्यात शंभर शेळ्या-मेंढ्या, तिथल्या सुनेला दुधाची आणि मटणाची काय वाण, असं त्यांनी मनाशीच ठरवलं. तरी दवाखान्यातून रोज शेरभर दूध द्यायला सांगितलं. सगुणाबाई रोज रिकामा पेला उचलत आणि समाधानानं जात.

दर चौथ्या दिवशी सारजाबाईचं बोट टोचलं जाई. एकशे साठ. मग एकशे चव्वेचाळीस. एकशे अठ्ठावीस. बाराव्या दिवशी एकशे दहा! औषध चालू आणि पेशी उतरतायत! मला सारं दिसत होतं हो. तिच्या पांढऱ्या पेशीही कमी झाल्या होत्या, आणि जंतांनी काही पांढऱ्या पेशी कमी होत नाहीत. पण मानसिंगरावांना तांबड्या मोजायला सांगितल्या होत्या, म्हणून ते तांबड्याच मोजत. काच रंगवून पेशींचं रूप बघायचं, तर रंगाची बाटली पुण्याहून यायची. ती हिवतापासाठी जपून ठेवलेली. आकडा मिळाला की मानसिंगराव माझ्यावर फडकं टाकून मोकळे. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. पण मी नुसती बघणारी.

त्या बाराव्या दिवशी सकाळी मानसिंगराव सुई घेऊन उठले, तर ठकुबाई दारात आडवी उभी राहिली.

"थांबा! माझ्या सुनंच्या अंगात आधीच रगात न्हाई, आनि तुमी त्येबी काढून न्हेताय. कुठं ठेवताय त्ये? मला दावा!"

"अहो आजी, एक थेंब तर घेतो," मानसिंगराव म्हणाले.

"थेंब का हुईना, दावा. दावल्याबिगर हात लावू द्यायची न्हाई."

मानसिंगराव चिडले. रोग्यांच्या माणसांना माझ्याजवळ येऊ द्यायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. पण डॉक्टर आगाशे हसले आणि म्हणाले, "दाखवा त्यांना. त्यांच्या घरचं रक्त आहे."

मानसिंगरावांनी मोजणी पुरी केली आणि ठकुबाईला स्टुलावर बसवलं. आधी तिला काहीच दिसेना. मग एक डोळा मिटायला सांगितलं, तशी तिची नजर खिळली. माझ्या काचेवर आजवर शहाण्यासुरत्या माणसांचे डोळे टेकले होते, पण असा डोळा कधी टेकला नव्हता. ती नुसती बघत नव्हती, राखण करत होती!

"वाघर हाय की ही," ती हळूच म्हणाली. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची दोरीची जाळी. रेघांची चौकट तिला तशी दिसली. "वाघरीत मेंढरं बसल्यात. पर किती इरळ! हा कळप व्हय माझ्या सुनंचा?"

"होय," डॉक्टर म्हणाले. "मानसिंगराव, आता तुमचा दाखवा."

मानसिंगरावांनी स्वतःचं बोट टोचून घेतलं. त्यांचं रक्त माझ्याखाली आलं, चांगलं दाटीवाटीचं. ठकुबाईनं ते पाहिलं, पुन्हा सुनेचं पाहिलं, पुन्हा मानसिंगरावांचं. तीनदा तिनं काचा बदलायला लावल्या. मग ती ताठ बसली.

"ह्यांची मेंढरं ल्हान हाईत. माझ्या सुनंची मोठाली हाईत. थोडी, पर मोठाली. काई तर लांबुळकी बी हाईत."

डॉक्टर आगाशे पुढे झाले. "काय म्हणालात?"

"डोळं लावा की तुमीच." ठकुबाई उठली. "आनि आमाला येक सांगा डाक्तर. कळप घटला की आमी तीन गोष्टी बघतो. लांडग्यानं न्हेली का, रोगानं मेली का, का कोकरंच झाली न्हाईत. तुमी बारा दिस लांडग्याच्याच मागं लागलाय. कोकरं बघितली का?"

मित्रांनो, डॉक्टरांनी वाकून माझ्या डोळ्याला डोळा लावला. मग डॉक्टर आगाश्यांनी कपाळावर हात मारला! "मानसिंगराव, रंगाची बाटली काढा. ती निळ्या रंगाचीही काढा!"

काय धांदल उडाली! मानसिंगरावांच्या हातून झाकण खाली पडलं. डॉक्टरांनी स्वतः काच रंगवली, वाळवली, माझ्याखाली सरकवली. मी जीव ओतून उजेड धरला. बघा, बघा, इतके दिवस मी हेच सांगत होते! पेशी मोठ्या, अंडाकृती. जंतांनी रक्त गेलं की पेशी लहान आणि फिक्या होतात, ह्या तशा नव्हत्या. हिवतापाचा चोर एकाही पेशीत नव्हता. पांढऱ्या पेशी मोजक्याच, आणि त्यांच्या पोटातला गाभा पाच-पाच, सहा-सहा तुकड्यांचा, म्हणजे निबर झालेल्या. मग दुसऱ्या बाटलीतल्या निळ्या रंगाची काच. नुकत्याच जन्मलेल्या तांबड्या पेशीत त्या रंगानं निळी जाळी दिसते. डॉक्टर अर्धा तास शोधत होते. त्यांना मोजून एक सापडली.

"ठकुबाई, तुमचं खरं आहे," ते म्हणाले. "लांडगा नाही, रोग नाही. कोकरंच होत नाहीत. हाडांच्या आत रक्त तयार होतं, तिथं काम थांबलंय. आता मला खरं सांगा, कळपात कोकरं का होत नाहीत?"

"चारा नसला की," ठकुबाई चटकन बोलून गेली. आणि बोलली मात्र, तिचा चेहरा उतरला. ती भिंतीला टेकून खालीच बसली.

"ही काय खाते?" डॉक्टरांनी विचारलं.

ठकुबाईनं मान फिरवली. सगुणाबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. "बोला आजी. जीव जातोय पोरीचा."

"बोलायचं नसतं त्ये," ठकुबाई म्हणाली. "बोललं की फळत न्हाई." आणि मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "दोन लेकरं गेली. म्हनून म्याच तिला तोरन्यावरच्या मेंगाई आईचा नेम घ्याया लावला. लेकरू पदरात पडून त्याचं जावळ हुईस्तवर दूध न्हाई, कालवन न्हाई, हिरवा पाला न्हाई. नुसती नाचनीची भाकर आनि मिरची. सात म्हयनं झालं. चारा म्याच तोडला, डाक्तर!"

दवाखान्यातलं शेरभर दूध रोज शेजारच्या खाटेवरच्या मुलीला जात होतं, तेही तेव्हाच कळलं. सगुणाबाईंनी तोंडाला पदर लावला. आणि मी? मला माझ्या मिजाशीची लाज वाटली. बारा दिवस मी त्या बाईचं रक्त पाहत होते, पण तिनं काय सोडलंय ते काही माझ्या भिंगातून दिसण्यासारखं नव्हतं. ते कुणीतरी विचारायलाच हवं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं, रोज पावशेर शेळीची कलेजी, दूध, पालेभाजी. पण सारजाबाई ऐकेना. "नेम मोडला आनि ह्येबी लेकरू गेलं तर?" ती रडत म्हणाली. "म्या मेली तरी चालंल, पर मोडायची न्हाई." डॉक्टर समजावून थकले. गेनू हात जोडून उभा राहिला. काही उपयोग नाही.

तेव्हा ठकुबाई उठली. सारजाबाईच्या दंडावर नेमाचा काळा दोरा होता. सुनेला आधार देऊन तिनं अंगणात आणलं. माझ्या खिडकीतून सगळं दिसत होतं. ठकुबाईनं तोरण्याच्या दिशेला तोंड केलं, हळदकुंकू वाहिलं, सुनेच्या दंडावरचा दोरा सोडला आणि दातांनी गाठ मारून स्वतःच्या दंडावर बांधला.

"आई मेंगाई," ती मोठ्यानं म्हणाली, "हिचा नेम आजपासनं माजा. दूध माजं सुटलं, कालवन माजं सुटलं, पाला माजा सुटला. हिला मोकळी कर."

"आत्याबाई, आई कोपली तर?" सारजाबाईनं तिचा हात धरला.

"कोपली तर माज्यावर. तू खा."

त्या दिवशी दुपारी सारजाबाईनं सात महिन्यांनी कलेजीचा पहिला घास घेतला. भोरच्या खाटकाकडून पहिले दोन दिवस आणली. मग गेनू वाड्यावरून रोजची व्यवस्था लावून आला. सगुणाबाई आता पेला रिकामा होईपर्यंत खाटेजवळून हलत नसत!

आणि आमची, म्हणजे माझी आणि मानसिंगरावांची, वाट बघणं सुरू झालं. तिसऱ्या दिवशी निळी काच पाहिली. काही नाही. चौथ्या दिवशी दोन कोवळ्या पेशी. मानसिंगराव म्हणाले, "दोनानं काय होतंय?" पाचव्या दिवशी नऊ! सहाव्या दिवशी ढग होते, उजेड कमी. मानसिंगरावांनी आरसा फिरवून फिरवून माझा जीव काढला, तरी धड दिसेना. सातवा दिवस उजाडला. लख्ख ऊन पडलं. मानसिंगरावांनी डोळा लावला आणि स्टूल पाडून उठले.

"डॉक्टरसाहेब! सगुणाबाई! आहो, पळा पळा! जिकडं तिकडं कोकरं!"

खरंच जिकडंतिकडं! जिथं नजर टाकावी तिथं निळ्या जाळीच्या कोवळ्या पेशी, नुसती झुंबड! दर चार-पाच पेशींत एक कोवळी. माझ्या उभ्या आयुष्यात मी असं काही पाहिलं नव्हतं. डॉक्टर आगाश्यांनी पाहिलं आणि ते लहान मुलासारखे हसत सुटले. त्यांनी ठकुबाईला बोलावलं. आता तिला एक डोळा मिटायला सांगावं लागलं नाही.

"व्हय की!" ती म्हणाली. "व्याली की गं समदी! हुंदडत्यात कशी!" आणि तिनं काय केलं माहीत आहे? माझ्या पितळी नळीवरून हात फिरवून बोटं स्वतःच्या कपाळाशी मोडली. मानसिंगरावांनी मला असं कधी गोंजारलं नव्हतं.

पुढे आकडे चढतच गेले. एकशे सत्तर, दोनशे चाळीस, तीनशे तीस. फाल्गुनात आमच्याच दवाखान्यात सारजाबाई सुखरूप बाळंत झाली. मुलगा झाला, चांगला रडका. त्याचं नाव सावळा ठेवलं. डॉक्टरांनी त्या सातव्या दिवसाची निळी काच एका लहान लाकडी डबीत जपून ठेवली, आणि त्या दिवसापासून आमच्या दवाखान्याची रीतच बदलली. रक्त कमी असलेला रोगी आला की डॉक्टर आधी विचारत, "लांडगा, रोग, की कोकरं?" मानसिंगराव तांबड्या मोजत, पांढऱ्या मोजत आणि काचही रंगवत. एका शिंप्याच्या पांढऱ्या पेशी एकाएकी जवळजवळ संपल्या होत्या, तेव्हा विचारता विचारता कळलं, की तो डोकेदुखीची पुडी महिनोन्‌महिने रोज खात होता. पुडी बंद केली आणि माणूस वाचला. विचारलं नसतं तर कुणाला कळलं असतं?

पण गोष्ट इथं संपत नाही. पुढच्या माघात, भोरच्या बाजारच्या दिवशी, सगुणाबाई एका बाईला हाताला धरून आत घेऊन आल्या. पायरीवर बसून धापा टाकत होती म्हणाल्या. मी पाहिलं, ती ठकुबाई होती! पण केवढी खंगलेली. कुंकू तेवढंच मोठं, त्याभोवतीचं कपाळ मात्र पांढरंफटक. दंडावर तोच काळा दोरा. मागून सारजाबाई आली, कडेवर गुटगुटीत सावळा. चार दिवसांनी त्याचं जावळ होतं, त्यासाठी नारळ आणि कापड घ्यायला सगळी आली होती.

मानसिंगरावांनी थेंब घेतला. मी पाहिलं आणि माझी भिंगं ओली व्हायची तेवढी राहिली. तोच विरळ कळप, तीच मोठाली, लांबुळकी मेंढरं. एकशे नव्वद.

"आजपासून खायचं!" डॉक्टर आगाशे ओरडलेच तिच्यावर. "ऐकताय ना? आजपासून!"

"चार दिस ऱ्हायल्यात डाक्तर."

"आणि चार दिवसांत काही झालं तर?"

"वरीसभर काई झालं न्हाई. म्या आईला सबूद दिलाय. सावळ्याच्या जिवावर दिलाय. चार दिसासाठी फिरवू?"

डॉक्टरांनी दार मोकळं केलं. ती गेली. ते चार दिवस माझ्या टेबलावर दुसरे कितीतरी थेंब आले, पण माझं लक्ष सगळं दाराकडे. ती डोंगर चढली असेल का? कुणी झोळीत घातली असेल का? पाचवा दिवस गेला. सहाव्या दिवशी दुपारी दारात गलका झाला. गेनूनं आईला पाठुंगळीस घेऊन आणलं होतं. दंडावरचा दोरा नव्हता. मेंगाईच्या पायरीशी ठेवला म्हणाली. सारजाबाईच्या हातात फडक्यात बांधलेलं पातेलं होतं.

तिनं खाली बैठक मारली, पातेल्यातली कलेजी भाकरीत घेतली आणि घास सासूच्या तोंडापुढे धरला. ठकुबाई सवयीनं म्हणाली, "आधी गेनूला वाढ. पोराला दे." आयुष्यभर ती सगळ्यांच्या मागून जेवली होती.

"न्हाई," सारजाबाई म्हणाली. "आत्याबाई, माजा चारा तुमी घातला. आता तुमचा म्या घालनार. तोंड उघडा."

ठकुबाईनं तोंड उघडलं.

आठव्या दिवशी तिच्याही रक्तात कोकरं आली! मानसिंगराव पुन्हा स्टूल पाडून उठले. डॉक्टरांनी तीही काच त्याच डबीत पहिलीशेजारी ठेवली.

मित्रांनो, मग वर्षं गेली. भोर संस्थान विलीन झालं त्याच सुमारास दवाखान्यात विजेच्या दिव्याची नवी दुर्बीण आली. दोन डोळ्यांची! मानसिंगरावांनी मला पुसून, पेटीत घालून, त्या डबीसकट तुमच्या शाळेला आणून दिलं. निघताना ते कितीतरी वेळ पेटीच्या कडीला धरून उभे होते. तुमच्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. माझ्या भिंगावर अंगठे उमटतात, आरशाची एक कड कुणीतरी उडवली, पावसाळ्यात कपाटात बुरशी चढते. मऊ फडक्यानं अधूनमधून पुसत जा, तेवढं पुरे. मी अजून चांगली बघते. पण मला सगळं दिसतं असं मात्र समजू नका. तुमच्या घरात कुणी फिकं पडलेलं, थकलेलं दिसलं तर तिला काय खाल्लंस ते विचारा, आणि काय सोडलंयस तेही विचारा. दुसरा प्रश्न मोठ्या माणसांकडूनही राहून जातो.

आणि एक मागणं आहे. काल तुमच्यातला कुणीतरी म्हणत होता, त्या डबीतल्या डागाळलेल्या काचा धुऊन पुन्हा वापरू या. त्या दोन काचा धुऊ नका रे! एक सारजाबाईची आहे आणि एक ठकुबाईची. चिठ्ठ्या केव्हाच निघून पडल्या आहेत. परवा मास्तरांनी दोन्ही आळीपाळीनं माझ्याखाली ठेवल्या, तेव्हा मी पुष्कळ निरखून पाहिलं. दोन्हींत तीच निळी कोकरं हुंदडत होती, आणि सुनेची कुठली, सासूची कुठली, ते मलाही सांगता आलं नाही.